परसातल्या खुर्चीवरून दिसणारे सप्टेंबरचे पाहुणे

प्रश्न थोडक्यात असा आहे: साताऱ्याच्या कडेला घर, मागे दोन-अडीच गुंठ्यांचा परस. दर हिवाळ्यात ही मंडळी भिगवणला रोहित म्हणजे फ्लेमिंगो बघायला जातात. परसात बसूनही सप्टेंबर-ऑक्टोबरात स्थलांतरित पक्षी बघता येतात असं कुणीतरी सांगितलं, म्हणून तीन रविवार सकाळी बसून पाहिलं. बुलबुल, साळुंक्या आणि शिंपी यांच्याशिवाय काही दिसलं नाही. आमच्या परसात ते येतच नाहीत, की आम्हाला दिसत नाहीत? दाणे ठेवावेत का? दुर्बीण कोणती घ्यावी?

येतात. त्या तीन रविवारांतही बहुतेक आलेले असणार. मी वाईला राहते. घरामागे आंबा, शेवगा, कढीलिंब, एक जुना उंबर आणि भिंतीपलीकडे कालवा. गेली चोवीस वर्षं सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या सकाळी मी त्याच परसात, त्याच जागी बसते. पहिली दोन वर्षं माझीही तुमच्यासारखीच गेली. कारण आपण शोधत असतो ते रोहितासारखं काहीतरी मोठं, रंगीत, थव्याने उतरणारं. सप्टेंबरात परसात येणारा पाहुणा असतो आठ ग्रॅमचा, शेवाळी रंगाचा, आणि आंब्याच्या शेंड्याला पानांमागे. दहा रुपयांचं नाणं तळहातावर ठेवून पाहा, ते भरतं पावणेआठ ग्रॅम. तेवढ्या वजनाचा जीव हिमालयातून किंवा त्याच्याही पलीकडून तुमच्या आंब्यावर आलेला असतो. तो स्वतःहून नजरेत भरत नाही. त्याला ऐकावं लागतं.

ऐकायचं म्हणजे आधी घरची माणसं पाठ पाहिजेत. नवख्यांना मी हेच पहिलं सांगते आणि हेच त्यांना कंटाळवाणं वाटतं. पण ऑगस्ट महिना तुम्ही फक्त घरच्या पक्ष्यांना दिलात, तर सप्टेंबर आपोआप उलगडतो. शिंप्याचं टुविट-टुविट, राखी वटवट्याची किरकिर, शिंजिराचं च्विक, दयाळाची शीळ, तांबटाचं टुक-टुक, बुलबुलांची बडबड, सातभाईंचा गोंधळ, चष्मेवाल्यांची बारीक किणकिण. एका साध्या परसात असे पंधरा-वीस आवाज असतात. ते अंगवळणी पडले की कान त्यांची दखल घेणं सोडून देतात. मग एका सकाळी त्या ओळखीच्या गलक्यात एक परका आवाज येतो आणि तुमची मान आपोआप वर होते. ज्या घरात पंचवीस माणसं रोज जेवतात, तिथे परक्या चपलांचा जोड दारात लगेच ओळखू येतो, तसं हे आहे.

आता कोण कधी येतं ते सांगते. एक गोष्ट मात्र आधी. आपल्याकडे सगळी आठवण सणांना बांधलेली असते, "गौरी-गणपतीत धोबी पक्षी आला होता" अशी. मीही सुरुवातीला तसंच लिहायचे आणि त्याने माझ्या वहीत घोळ झाला. 2023 साली गणपती 19 सप्टेंबरला बसले, 2024 साली 7 सप्टेंबरला, 2025 साली 27 ऑगस्टला. पक्षी तिथी पाळत नाहीत. दिवस किती लांबीचा आहे यावर त्यांच्या शरीरातलं घड्याळ चालतं, म्हणजे ते सूर्याचं पंचांग पाळतात. म्हणून इंग्रजी महिन्याची तारीख लिहा, सण हवा तर शेजारी कंसात.

माझ्याकडे पहिला येतो तो करडा धोबी. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत कधीतरी, कालव्याच्या कडेला किंवा थेट गच्चीवरच्या साठलेल्या पाण्याशी. तो आधी वरून ऐकू येतो: धारदार, धातूसारखा "चिझिप, चिझिप". मग लाटा काढत उडत येतो, उतरतो आणि शेपटी खालीवर करायला लागतो ती थांबतच नाही. पाठ करडी, पोट आणि बुड पिवळं, शेपटी अंगाच्या मानाने फारच लांब. पोट पिवळं म्हणून पुष्कळजण त्याला पिवळा धोबी समजतात. मीही तीन वर्षं वहीत तेच लिहिलं होतं, नंतर सगळ्या नोंदी दुरुस्त केल्या. पाठ बघा. पिवळ्या धोब्याची पाठ हिरवट-तपकिरी असते आणि पाय काळे. करड्याचे पाय फिकट, गुलाबीसर तपकिरी. पिवळा धोबी परसात सहसा उतरतही नाही, त्याला ओली कुरणं आणि गुरांच्या पायाखालची जमीन आवडते. आणि नदीकाठी बारा महिने दिसणारा, काळा-पांढरा, ठसठशीत भुवईचा मोठा धोबी आपलाच आहे, त्याला पाहुण्यांत धरू नका.

करडा धोबी उन्हाळ्यात हिमालयातल्या आणि उत्तर आशियातल्या डोंगरी ओढ्यांकाठी घरटं करतो. इतक्या लवकर तो खाली का येतो, हा प्रश्न मला दरवर्षी पडतो, कारण अजून आपल्याकडे पाऊस चालू असतो. वरच्या ओढ्यांवर मात्र त्याचं पिल्लांचं काम संपलेलं असतं आणि थंडी पडायच्या आत निघणं त्याच्या हिताचं असतं. इथे आल्यावर पावसाळ्याचे शेवटचे किडे त्याला आयते मिळतात. माझ्या सासूबाई होत्या तोवर माझ्याआधी त्याच सांगायच्या, "आला गं तुझा पाहुणा." दुर्बीण नाही, पुस्तक नाही. मागच्या पायरीवर भाजी निवडत बसायच्या आणि कान उघडे.

दुसरा, आणि माझ्या मते या दिवसांतला खरा नायक, म्हणजे हिरवट पर्णवटवट्या. तुमच्या तीन रविवारांत तुमच्या डोक्यावर होता तो हाच असावा. सप्टेंबरच्या मध्यापासून आंबा, उंबर, शिरीष, चिंच अशा दाट झाडांत तो असतो. आवाज दोन तुकड्यांचा, दुसरा तुकडा वर चढलेला: "चि-स्वी". दर थोड्या वेळाने, एकसारखा. एकदा ओळखता आला की पुढे मार्चपर्यंत गावभर तोच ऐकू येतो. बसस्टँडच्या झाडावर, शाळेच्या पटांगणात, देवळामागच्या पिंपळावर. दिसायला वरून शेवाळी, खालून मळकट पांढरा, डोळ्यावर लांब फिकट भुवई आणि पंखावर एक बारीकशी फिकट रेघ. ती रेघ कधी पिसं झिजून नाहीशीही झालेली असते. तो पानांच्या खालच्या बाजूचे किडे वेचतो, क्षणभर हवेत थरथरतो, पुढच्या फांदीला जातो.

हा पक्षी अभ्यासकांमध्ये प्रसिद्ध आहे तो दुसऱ्या कारणाने. तिबेटच्या पठाराभोवती त्याची वस्ती कड्यासारखी पसरली आहे. दक्षिणेकडून पश्चिमेने वर जावं तसं गाणं थोडं-थोडं बदलत जातं, पूर्वेनेही तसंच. सैबेरियात ही दोन टोकं भेटतात तेव्हा दोघे एकमेकांना परके झालेले असतात, जोडी करत नाहीत. त्यातला एखादा माझ्या आंब्यावर बसून "चि-स्वी" करतो तेव्हा मी हातातलं काम ठेवून देते. शिवाय हा इथे नुसता राहत नाही, जागा धरतो. हिवाळाभर स्वतःचा झाडांचा तुकडा राखतो, दुसरा आला तर भांडतो, आणि पुढच्या वर्षी पुष्कळदा त्याच जागी परत येतो. सप्टेंबरच्या शेवटी दोन पर्णवटवटे एकमेकांवर आवाज चढवताना ऐकलेत तर समजा, हद्दीची वाटणी चालली आहे.

याच्यासारखे आणखी तीन-चार पर्णवटवटे आपल्या भागात येतात आणि हलत्या पानांत त्यांच्यात फरक करणं अवघड असतं. प्रत्येकाला नाव देण्याचा हट्ट धरू नका. "पर्णवटवट्या, जात कळली नाही" ही अगदी बरोबर नोंद आहे. चुकीचं नाव लिहिण्यापेक्षा तर शंभर पटींनी बरी.

तिसरा झुडपातला. ब्लाइथचा बोरू वटवट्या. ब्लाइथ हे कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे एकोणिसाव्या शतकातले अभिरक्षक. त्यांचं नाव या पक्ष्याला मिळालं. नावात बोरू असला तरी आपल्याकडे तो पाण्याकाठच्या बोरूत कमी आणि जास्वंदीच्या कुंपणात, घाणेरीत, कडूमेंदीत जास्त सापडतो. सापडतो म्हणजे ऐकू येतो: कोरडं, तुटक "चक... चक... चक", दोन गोट्या एकमेकींवर आपटाव्यात तसं. बाहेर येत नाही. अंगभर एकच रंग, फिकट मातकट, खाली पांढुरका. खूण म्हणावी अशी एकही नाही. फिनलंडपासून सैबेरियापर्यंत घरटी करणारा हा पक्षी हिवाळ्यासाठी भारतीय उपखंडात येतो. आवाज ओळखीचा झाल्यावर मी त्याला न पाहताही यादीत घेते, पण पहिल्या वर्षी तुम्ही तसं करू नका. कुंपणापासून पाच-सहा पावलांवर बसा आणि हलू नका. वीस मिनिटांत एकदा तरी तो खालच्या फांदीवर उघड्यावर येतो.

ऑक्टोबर लागला की रंग यायला लागतात. लाल छातीचा माशीमार, चिमणीहूनही लहान, उंबराच्या खालच्या फांदीवर शेपटी उंच करून बसलेला आणि "टर्रर्र" करून कोरडं खडखडवणारा. नावावर जाऊ नका. आलेल्यांत माद्या आणि तरुण पक्षी पुष्कळ असतात, त्यांच्या छातीवर लाल नसतंच. काळी शेपटी आणि तिच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरं, एवढं पाहा. मग थिरथिरा, पत्र्यावर किंवा पडक्या भिंतीवर, तांबूस शेपटी थरथरवत. नाव त्या शेपटीवरूनच पडलं आहे. राखी कोतवाल येतो, लालभडक डोळ्यांचा. आपला नेहमीचा कोतवाल त्याच्यापेक्षा काळाभोर, तुळतुळीत, आणि चोचीच्या कोपऱ्याशी पांढरा ठिपका. हळद्या या दिवसांत उंबर-वडावर फिरायला लागतो.

परसात एखादं मोठं झाड असेल तर एक युक्ती सांगते, ती मला फार उपयोगी पडली. नाचण आणि चष्मेवाले यांच्यावर लक्ष ठेवा. हे एकेकटे फिरत नाहीत. राखी वल्गुली, शिंपी, शिंजीर अशी मिश्र टोळी करून सगळे मिळून एक-एक झाड झाडून काढतात. एकाच्या हालचालीने उडालेला किडा दुसऱ्याला मिळतो आणि शिक्रा आला तर कुणीतरी आधी ओरडतं. परगावचे पक्षी या टोळीत मिसळतात, कारण नव्या जागी खाणं कुठे आहे ते घरच्यांना ठाऊक असतं. टोळी परसातून जायला दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. ती दहा मिनिटं हातात चहाचा कप नको, दुर्बीण हवी. स्वर्गीय नर्तक मला परसात तीनदा दिसला तो तिन्ही वेळा अशाच टोळीच्या शेपटाला.

वेळेचं आता. तुम्ही रविवारी किती वाजता बसलात ते प्रश्नात नाही, पण मला वाटतं आठनंतर. उशीर झाला. या छोट्या पक्ष्यांतले बहुतेक रात्री प्रवास करतात. रात्री हवा थंड आणि स्थिर असते, शिकारी कमी, आणि दिवस खाण्यासाठी मोकळा राहतो. उजाडायच्या सुमाराला ते खाली उतरतात आणि भुकेलेले असतात. म्हणून सहा ते साडेआठ ही खरी वेळ. त्यातही दोन-तीन दिवस झड लागून पहाटे उघडीप झाली असेल तर ती सकाळ कशासाठीही सोडू नका. पावसाने अडकलेले पक्षी अशा सकाळी झाडं भरून टाकतात. माझ्या वहीतल्या चांगल्या नोंदींतल्या कितीतरी याच सकाळच्या आहेत. मान्सून राजस्थानातून परत फिरायला साधारण 17 सप्टेंबरला लागतो आणि पुणे-सातारा भागातून ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात जातो. या तीन-चार आठवड्यांत वारा वळतो, आभाळ उघडतं, आणि रोजची सकाळ आदल्या सकाळसारखी राहत नाही. रविवारची वाट पाहू नका. रोज वीस मिनिटं बसणं हे आठवड्यातून एकदा तीन तास बसण्यापेक्षा चांगलं.

संध्याकाळ वेगळ्या कामाची. पाच ते साडेसहा वर पाहत राहा. भोरड्या म्हणजे पळस मैना ऑगस्ट-सप्टेंबरातच मध्य आशियातून आपल्याकडे यायला लागतात. मे-जूनमध्ये गवताळ प्रदेशात घाईने पिल्लं वाढवायची आणि लगेच निघायचं, एप्रिलपर्यंत मुक्काम इथे. म्हणजे वर्षातला मोठा काळ त्या आपल्याकडेच काढतात. सुरुवातीच्या थव्यांत गुलाबी-काळ्या मोठ्यांबरोबर वाळूच्या रंगाची, पिवळट चोचीची पिल्लं असतात. लोक त्यांना कसल्याशा साळुंक्या समजून सोडून देतात. पुढे हुरड्याच्या दिवसांत ज्वारीवर उतरतात म्हणून शेतकरी त्यांच्यामागे गोफण घेऊन धावतो, पण टोळ आणि नाकतोडेही त्या भरपूर खातात, तेही सांगितलं पाहिजे. माळभिंगऱ्या तारांवर ओळीने बसतात. निळ्या शेपटीचे राघू उंचावरून "प्रिप-प्रिप" करत निघून जातात, परसात उतरत नाहीत, पण ऐकू आले तर तुमचेच.

सकाळी दहा ते बारा, ऊन पडलं की गच्चीवरून घारींचं रिंगण पाहा. त्यात एखादी घार नसते. शेपटी सरळ कापलेली किंवा गोल, पंखांची बोटं वेगळी. खरूची असेल, मधुबाज असेल, छोटा गरुड असेल. यात मला स्वतःला फार गती नाही, म्हणून जास्त सांगत नाही. त्याच आभाळात ऑक्टोबरात पिवळसर चतुरांचे ढग तरंगताना दिसतील. हे चतुर भारतातून मालदीववरून आफ्रिकेकडे जात असावेत, असं मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी 2009 साली मांडलं. मागोमाग नोव्हेंबरात अमूर ससाणे तोच समुद्र ओलांडतात, आणि वाटेत हे चतुर त्यांचं खाणं होतात.

येणाऱ्यांच्या नादात जाणाऱ्यांना विसरू नका. चातक सप्टेंबरात अजून असतो, आणि त्याचं पिल्लू सातभाई भरवत असतात, कारण चातक अंडं त्यांच्याच घरट्यात घालतो. आपल्याहून वेगळ्याच रूपाच्या, हावरट पिल्लाच्या मागे सातभाईंचं अख्खं कुटुंब किडे घेऊन धावतं, हे दृश्य परसात बसूनच दिसतं. ऑक्टोबर सरेपर्यंत ते पिल्लू निघून जातं, आईबापांच्या मागून, एकटं, कुणी वाट न दाखवता.

आणि नवरंग. कोकणात आणि मध्य भारतात पावसाळ्यात घरटं करून तो सप्टेंबर-ऑक्टोबरात दक्षिणेला, पार श्रीलंकेपर्यंत जातो. रात्री उडताना दिव्यांनी गोंधळतो, काचेवर आपटतो, जिन्यात, गच्चीवर, गॅरेजात बसलेला सापडतो. काही वर्षांपूर्वी आमच्या आळीतला मुलगा ओंजळीत घेऊन आला होता. हिरवा, निळा, पोटाशी लाल, डोळे अर्धे मिटलेले. घरातल्या सगळ्यांना त्याला पाणी पाजायचं होतं. मी पाजू दिलं नाही. चोचीत पाणी घातलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. पुठ्ठ्याचं खोकं, आत जुनं सुती फडकं, वर चार भोकं, झाकण बंद, आणि घरातली सगळ्यात शांत अंधारी खोली. दर दहा मिनिटांनी उघडून बघायचं नाही. दोन-अडीच तासांनी आतून खुडबुड ऐकू आली. संध्याकाळी कालव्याकाठच्या झाडीत खोकं आडवं ठेवून झाकण उघडलं, क्षणभर थांबून तो सरळ झुडपात गेला. पंख लोंबत असेल किंवा रक्त असेल तर मात्र वन विभागाला किंवा जवळच्या वन्यजीव बचाव गटाला लगेच कळवा. बरा होईपर्यंत घरी ठेवू, असं मनात आणू नका. ते 1972 च्या वन्यजीव कायद्याविरुद्ध आहे आणि पक्ष्याच्याही हिताचं नाही. खिडकीची मोठी काच असेल तर तिला बाहेरच्या बाजूने, दोन-दोन इंचांवर ठिपके किंवा पट्ट्या लावा. एखादं चित्र चिकटवून भागत नाही, पक्षी त्याच्या शेजारून जायला बघतो. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गच्चीवरचा, परसातला दिवा रात्री बंद ठेवा. याला एक पैसा लागत नाही.

आता परसाचं. यावर मला मनापासून बोलायचं आहे, कारण इथेच आपण सगळ्यात मोठी चूक करतो. पाऊस ओसरला, नवरात्र जवळ आलं की आपण परस "साफ" करतो. वाढलेलं गवत, तेरडा, आघाडा, टाकळा, कोपऱ्यातलं रान सगळं कापून, पाला पेटवून, जमीन चकचकीत. पाहुणे दाराशी आलेत आणि आपण स्वयंपाकघर धुऊन कुलूप लावतो! हे पक्षी किडे खातात. किडे त्याच गवतात, त्याच पाल्याखाली असतात. आमच्या शेजारच्या वसाहतीच्या बागेत दरवर्षी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात गवत कापायचं यंत्र फिरायचं आणि औषध मारलं जायचं. बोरू वटवट्या तिथल्या कुंपणातून त्या आठवड्यात नाहीसा व्हायचा. मी तीन वर्षांच्या तारखा लिहिलेला कागद घेऊन तिथल्या लोकांना भेटले. पहिल्यांदा कुणी ऐकलं नाही, सापाची भीती पुढे केली. ती भीती खोटी नाही, लहान मुलं असतात. शेवटी तोड निघाली: घराजवळची आणि वाटेकडेची दहा फूट जागा कापायची, मागची कुंपणालगतची पट्टी नोव्हेंबरपर्यंत तशीच ठेवायची, औषध अजिबात नाही. बोरू वटवट्या राहायला लागला. तुम्हीही एवढंच करा. अडीच गुंठ्यांतला एक कोपरा दोन महिने रानाला द्या. पाला पेटवू नका, झाडाच्या बुडाशी ओढून ठेवा.

दाणे नकोत. बाजरी-तांदळावर पारवे येतील आणि पारवेच राहतील. सप्टेंबरच्या या पाहुण्यांतला जवळजवळ कुणीही दाण्याला तोंड लावत नाही. पाणी ठेवा, पण ऑक्टोबरच्या उन्हात. पाऊस असताना त्याची गरज नसते. मातीची पसरट परळ, पाणी दोन बोटं, मध्ये एक खडबडीत दगड, झुडपापासून चार-पाच फुटांवर. अगदी लगत ठेवलीत तर मांजर दबा धरतं. रोज सकाळी पाणी ओतून परळ घासायची, नाहीतर डासांची सोय. दुपारी बारा ते दोन तिथे नजर ठेवा, माशीमार अंघोळीला येतो.

दुर्बीण 8×42. आठपट मोठं दिसतं, पुढचं भिंग 42 मिलिमीटरचं, त्यामुळे पहाटेच्या अंधूक उजेडातही चित्र उजळ राहतं. दहापटीची घेतलीत तर हाताचा कंपही दहापट होतो आणि परसात जवळचा पक्षी पटकन सापडत नाही. विकत घेण्याआधी दुकानात दोन-तीन मीटरवरची वस्तू स्पष्ट दिसते का तेवढं पाहा. कॅमेरा पहिल्या वर्षी नको असं माझं मत आहे. फोटोच्या मागे लागलेला माणूस ऐकत नाही.

मर्लिनसारखं आवाज ओळखणारं ॲप वापरायला हरकत नाही. त्याने नाव दाखवलं की त्या दिशेला बघा. पक्षी स्वतः पाहिल्याशिवाय यादीत घालू नका.

नोंद ठेवणं हे मात्र पाहण्याइतकंच महत्त्वाचं. 2007 साली आपल्या देशात मायग्रंटवॉच नावाचा उपक्रम सुरू झाला, त्यात घराघरातल्या लोकांकडून पहिला पाहुणा कधी दिसला याच्या तारखा मागवत. आता तीच नोंद ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर करता येते. पंधरा-वीस मिनिटं एका जागी बसून दिसलेले-ऐकलेले सगळे पक्षी लिहायचे, बुलबुल आणि साळुंकीसुद्धा. आणि न दिसल्याचे दिवसही. "12 सप्टेंबर, पर्णवटवट्या नाही" हे लिहिलेलं असेल तरच "13 सप्टेंबर, पर्णवटवट्या आला" या ओळीला अर्थ येतो. नाहीतर तो आला त्या दिवशी की आपण बसलो त्या दिवशी, कळायचं कसं? तुमचे तीन रिकामे रविवार म्हणूनच रिकामे नाहीत. तारखा आठवत असतील तर आजच लिहून टाका. आपला पक्षी सप्ताह 5 ते 12 नोव्हेंबर असतो, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांच्या दरम्यान. तेव्हा सगळीकडे पक्षिनिरीक्षण सुरू होतं. पण तोवर करड्या धोब्याला येऊन दोन महिने झालेले असतात आणि त्याच्या येण्याची तारीख परसात बसणाऱ्याशिवाय कुणाकडेच नसते.

उद्या सकाळी सहाला आंब्याकडे तोंड करून बसा, पाठ उन्हाकडे येईल अशी खुर्ची ठेवा. "चि-स्वी" ऐकू आलं की तारीख आणि वेळ मला कळवा. वाई ते सातारा अंतर पस्तीस-एक किलोमीटर, पण तुमची बाजू अजिंक्यताऱ्याची आणि माझी पांडवगडाची. माझ्या वहीत वाईच्या तारखेशेजारी एक रकाना मी साताऱ्यासाठी आखून ठेवते.